खड्डा हवा, भोक नको

रविवारी सकाळी अर्धी मुंबई मटणाच्या दुकानापुढे उभी असायची, तेव्हा आमच्या बाई दिंडोशीच्या पलीकडच्या एका बंद पडलेल्या दगडखाणीत ओणव्या होऊन रिकामी काडतुसं वेचत असायच्या. फिक्या रंगाची सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, डोक्याला पंचा आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणी म्हातारी गोवऱ्यांसाठी शेण गोळा करतेय. जवळ गेलं की दिसायचं, बाई काडतूस उचलतात, त्याचं बूड उन्हात धरतात, घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावतात, 'हं' म्हणतात आणि ते अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये उभं करून ठेवतात. त्या 'हं'ला आम्ही सगळे जाम टरकून असायचो.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गोरेगावच्या त्या भागात तेव्हा इमारती यायला नुकती सुरुवात झाली होती आणि खाणीत आमचा बंदुकीच्या नेमबाजीचा क्लब होता. क्लब म्हणजे काय, तर एक पत्र्याची शेड, एक लोखंडी कपाट आणि हवेत मातीच्या बशा भिरकावणारं एक कुरकुरं यंत्र. बशी उडाली की बाराबोर दुनळी बंदुकीच्या छर्ऱ्यांनी ती फोडायची, एवढाच खेळ. सभासदांत दोन-तीन वकील होते, एक दातांचे डॉक्टर होते, तेच सेक्रेटरी. मनोरीचे एक नाखवा होते, म्हणजे स्वतःच्या दोन बोटी असलेले कोळी. ते मार्व्याच्या फेरीबोटीने बंदूक खांद्याला लावून यायचे. आणि मी. मी अंधेरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दिवसभर 'नंबर प्लीज' करायचे आणि रविवारी बशा फोडायचे. माझ्या आईला शेवटपर्यंत वाटत राहिलं की ह्या असल्या मुलीशी कोण लग्न करणार.

मला तिथे आणलं बाईंनीच. कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या आणि मुलींच्या एनसीसीच्या अधिकारी होत्या. पहिल्याच दिवशी रायफल माझ्या हातात देऊन त्यांनी विचारलं होतं, घाबरतेस का. मी हो म्हटलं. बाई म्हणाल्या, छान, घाबरत नाही त्या मुलींना मी बंदूक देत नाही. निवृत्त झाल्या, तरी त्यांनी मला सोडलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही त्यांना सोडलं नाही.

त्या काळी चांगली काडतुसं मिळायची मारामार. जी मिळायची ती सरावात उडवायला परवडत नसत. म्हणून उडालेली काडतुसं पुन्हा भरायची. त्याची रीतसर परवानगी बाईंनी काढली होती, आणि ती दरवर्षी नवी करताना पोलीस चौकीतल्या साहेबांचीच उलटतपासणी त्या घेऊन यायच्या. अख्ख्या क्लबची काडतुसं त्या बोरिवलीच्या आपल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत भरायच्या. शनिवारी दुपारी. पंखा बंद, स्टोव्ह बंद, घंटेची वायर काढलेली, आणि दाराबाहेर खडूने लिहिलेली पाटी: 'बाई कामात आहेत. दूधवाल्याने उद्या यावे.' भरताना त्या एक शब्द बोलत नसत. एकदा शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली म्हणून त्यांनी हातातलं काडतूस बाजूला काढून ठेवलं. का, विचारलं तर म्हणाल्या, लक्ष एका क्षणासाठी गेलं होतं, आता ह्या काडतुसाचा भरवसा मी देऊ शकत नाही. ते चांगलंभलं काडतूस त्यांनी उघडून रिकामं केलं आणि पहिल्यापासून भरलं.

बाईंचं एक वाक्य होतं. ते समजायला आधी काडतूस समजायला हवं, म्हणून सांगते. काडतुसाच्या बुडाला मधोमध एक छोटी धातूची टोपी असते. चाप ओढला की बंदुकीतली पिन त्या टोपीवर आपटते, टोपीत खड्डा पडतो, आतल्या आत ठिणगी उडते, दारू पेटते आणि छर्रे पुढे जातात. सगळं नीट झालं तर टोपीवर नुसता एक गोल गुळगुळीत खड्डा राहतो. पण पिन टोपीच्या आरपार गेली, तर तिथे भोक पडतं, आणि पुढे जायची ती आग थोडी का होईना मागे येते. मागे म्हणजे आपल्या तोंडावर. बाई म्हणायच्या, 'खड्डा हवा, भोक नको.' क्लबात नवा माणूस आला की त्याला नाव विचारायच्या आधी हे ऐकवायच्या.

आणि मग ते वाक्य कुठेही लागू करायच्या. माझी एक सुपरवायझर होती, फार छळायची. एक दिवस मी तिला सगळ्यांसमोर फाडफाड बोलून आले आणि मोठ्या फुशारकीने बाईंना सांगितलं. मला वाटलं, खूश होतील. त्या भिंग पुसत म्हणाल्या, बोलायला हवंच होतं, पण तू भोक पाडून आलीस, आता धूर तुझ्याच तोंडावर येणार. आला. पुढचे सहा महिने मला रात्रपाळी होती.

दुसरा त्यांचा हट्ट म्हणजे काही बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्यात तर कशामुळे सुधारलं ते कधीच कळणार नाही, असं त्यांचं म्हणणं. हे फक्त काडतुसांपुरतं असतं तर ठीक होतं. पण त्यांच्या पिठल्यात गुठळ्या व्हायला लागल्या तेव्हा बाईंनी रोज पिठलं केलं. एक दिवस पाणी कमी, एक दिवस आच मंद, एक दिवस पीठ वेगळ्या गिरणीतलं. त्या महिन्यात त्यांच्याकडे जो जाईल त्याला पिठलं. वकिलांनी तर बोरिवलीला जायचंच सोडलं. शेवटी सापडलं, पळीच बदलली होती. बाईंना जो आनंद झाला, तो काय सांगू. म्हणाल्या, आता पिठलं नाही केलं तरी चालेल.

हसायचो आम्ही त्यांना, पण पाठीमागे. कारण पुढ्यात त्या असं काहीतरी करून दाखवायच्या की दातखीळ बसावी. एकदा डॉक्टरांनी पैज लावली. सगळ्यांच्या बंदुकांतून उडालेली काडतुसं एका बादलीत घालून ढवळली आणि बादली बाईंच्या पुढ्यात ठेवली. बाईंनी भिंग लावलं आणि तांदूळ निवडावेत तशी ती निवडायला घेतली. हे डॉक्टरांच्या उजव्या नळीचं. हे तुझं, तुझी पिन जरा खाली मारते. हे नाखवांचं, किती सुरेख खड्डा आहे बघ. ट्रे भरत गेले. एकही चुकलं नाही. वर एका वकिलांना सांगितलं, तुमच्या डाव्या नळीची स्प्रिंग दमलीय, खड्डे उथळ पडतायत, येत्या चार-दोन रविवारांत दगा देईल. वकील हसले. पुढच्याच रविवारी ऐन स्पर्धेत त्यांची बंदूक नुसतीच 'टक्' करून गप्प बसली. त्या दिवसापासून आम्ही आपली उडालेली काडतुसं बाईंपुढे अशी धरायचो, जसा हात ज्योतिष्यापुढे धरतात. मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली, पण नुसत्या एका खड्ड्यात एवढं काही वाचणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

बाई विधवा होत्या. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नाही. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि विचारायची आमची टाप नव्हती. त्यांच्या वसाहतीत संक्रांतीला घरोघर हळदीकुंकू व्हायचं, बायका नटूनथटून जिन्यावरून वरखाली करायच्या, आणि बाईंचं दार तेवढं सोडून पुढे जायच्या. मी एकदा चिडून काही बोलले तर बाई म्हणाल्या, बरं आहे गं, ते प्लास्टिकचे डबे घरी आणून ठेवायचे कुठे. मी हसले. नंतर घरी जाताना मला त्या हसण्याची लाज वाटली.

पण वर्षातला एक दिवस बाईंचा होता. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा असते, तशी आमच्या क्लबातही व्हायची. शेडमध्ये सतरंजी घालून सगळ्या बंदुका ओळीने मांडायच्या, झेंडूची फुलं, नारळ, पेढे. पूर्वी ही पूजा क्लबचा राखणदार करायचा. तो गावी निघून गेला, तेव्हा कुणीतरी काहीही विचार न करता तबक बाईंच्या हातात दिलं. त्या वेळी मी त्यांच्या शेजारी उभी होते. बाई तबकातल्या कुंकवाकडे बघत राहिल्या, मग त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर घड्याळ बघत होते, त्यांना दवाखाना होता. कुणाच्या डोक्यातही काही आलं नाही. बाई खाली बसल्या आणि त्यांनी पूजा केली.

तेव्हापासून तो मान त्यांचाच. त्या दिवशी बाई निळ्या काठाची साडी नेसून यायच्या. राखणदार बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर कुंकवाचं बोट टेकवून मोकळा व्हायचा. बाईंना ते पटलं नाही. त्या प्रत्येक बंदूक मधोमध उघडायच्या, कुंकू पाण्यात ओलं करायच्या आणि जिथून पिन बाहेर येते त्या बारीकशा भोकावर बरोबर टिळा लावायच्या. म्हणायच्या, हिचा जीव इथे असतो, लावायचं तर इथे लावावं. नाखवांची बंदूक जुनी, विलायती, नक्षीची. ती बाईंची भारी लाडकी, तिचा टिळा सगळ्यांत ठसठशीत. मग बंदुका कपाटात जायच्या आणि दिवाळी संपेपर्यंत क्लब बंद, कारण निम्मे सभासद गावी. एरवी बंदुकीवर बोटाचा ठसा दिसला तरी दहा वेळा पुसायला लावणाऱ्या बाई त्या दिवशी मात्र बजावायच्या की कुंकू पुसायचं नाही. मी हे घरी सांगितलं तर माझी मालवणची आई हळू आवाजात म्हणाली, 'ह्यां काय बरां नाय गो.' मी तिला म्हटलं, आई, तू गप.

दिवाळीनंतर उघडल्यावर एखाददुसरी टोपी फुटायची. बाईंच्या कपाळाला आठी पडायची, पण मग पुन्हा टोपी फुटायची नाही, म्हणून त्या टोप्यांच्या खोक्याला दोष देऊन पुढे जायच्या.

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी नाखवा उभे राहिले. यंत्राने बशी फेकली, नाखवांनी चाप ओढला, आणि आवाजाबरोबर बंदुकीच्या मागच्या बाजूने धुराचा भपका त्यांच्या तोंडावर आला. बंदूक त्यांनी टाकली नाही, नळीचं तोंड खाली करून ती जमिनीवर ठेवली आणि मगच गुडघ्यावर बसले. आम्ही धावलो. उजवी भुवई जळली होती, गाल भाजला होता. बाईंच्या धाकामुळे सगळ्यांनाच साध्या काचांचा चष्मा लावून उभं राहावं लागायचं, म्हणून डोळ्याला थेट काही लागलं नव्हतं. पण कडेने धूर आत गेला होता आणि त्यांना त्या डोळ्याने काही दिसेना. डॉक्टर त्यांना आपल्या स्कूटरवर घालून डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. बाईंनी ती बंदूक उघडून काडतूस काढलं. टोपीच्या मधोमध भोक होतं, कडा काळ्याठिक्कर. ते काडतूस बाईंनीच भरलेलं होतं.

संध्याकाळी डॉक्टर बोरिवलीला आले. डोळा वाचेल असं म्हणतायत, पण आठवडाभर पट्टी. मग चाचरत म्हणाले की बाई, कारण कळेपर्यंत भरणं बंद ठेवू या. काही वकील म्हणतायत, वयामुळे दारू जास्त पडली असेल. मला वाटलं, आता बाई फुटणार. बाई म्हणाल्या, बरोबर आहे, मीसुद्धा हेच सांगितलं असतं. भरायचं यंत्र उचलून त्यांनी स्वतः डॉक्टरांच्या स्कूटरवर ठेवलं.

डॉक्टर गेल्यावर त्या रिकाम्या टेबलापाशी बसून राहिल्या. मग मला म्हणाल्या, 'माझा हात चुकला असेल, तर ह्यापुढे मी एकही काडतूस भरणार नाही. खाणीतही येणार नाही. पण मला कळलं पाहिजे.' त्यांना त्या खाणीशिवाय दुसरं काय होतं? रविवार होता म्हणून सोमवार ते शनिवार होते. मला रडायला आलं, पण त्यांच्यासमोर रडायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून बाई कामाला लागल्या. फुटलेल्या काडतुसाबरोबर भरलेली उरलेली सगळी काडतुसं उघडून त्यांनी दारू तोलली. कॉलेजातून आणलेला जुना तराजू होता, केसाचंही वजन दाखवणारा. दारू जिथल्या तिथे. डॉक्टर म्हणाले, झालं तर मग, तुम्ही सुटलात. बाई म्हणाल्या, तोलणारी मीच आणि सुटणारी मीच, हे चालणार नाही. मग एकच गोष्ट बदलायची म्हणून पुढच्या रविवारी नाखवांच्या बंदुकीत कारखान्यातलं विकतचं काडतूस घातलं. बंदूक ट्रकच्या टायरांना आवळून बांधली, चापाला दोरी लावली आणि आम्ही सगळे दगडाआड. बाईंनी दोरी ओढली. विकतच्या काडतुसाच्या टोपीलाही भोक पडलं होतं.

वकिलांनी टाळ्या वाजवल्या. बाई सुटल्या, बंदूक दोषी. डॉक्टरांनी लगेच निकालही देऊन टाकला की मनोरीची खारी हवा, दुसरं काय, आत गंज चढला असणार. नाखवा त्या दिवशी एका डोळ्याला पट्टी लावून आले होते आणि सोबत त्यांची बायको होती, ठसठशीत अंगाची, कपाळभर कुंकू लावलेली कोळीण. नवऱ्याला अर्धवट आंधळा करून पाठवणाऱ्या मंडळींचा हिशोब घ्यायला ती आली होती, पण येताना सगळ्यांसाठी तळलेली मांदेलीही घेऊन आली होती. खारी हवा ऐकून नाखवांचा चेहरा पडला. आपण बंदूक रोज तेलाने पुसतो, पोरांपेक्षा तिला जपतो, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. निष्काळजीपणे बंदूक ठेवणाऱ्याला आमच्या क्लबात जागा नसे, आणि हा नियम बाईंचाच होता.

सगळे मांदेलीवर तुटून पडले होते. बाई मात्र शेडच्या कोपऱ्यात बंदूक खोलून बसल्या होत्या. मी शेजारी. त्यांनी पिन बाहेर काढली आणि भिंग माझ्याकडे दिलं. पिनेचं टोक करंगळीच्या टोकासारखं गोल असायला हवं. ते किडीने खाल्लेल्या दातासारखं झालं होतं, खड्डे आणि मधे मधे अणकुचीदार सुळके. असं टोक टोपीत खड्डा पाडत नाही, घुसतं. आणि एकदा भोक पडलं की मागे येणारी आग तेच टोक आणखी खाते. पिन ज्यातून बाहेर येते त्या बंदुकीच्या भोकात तांबूस लाल चिकट काहीतरी बसलेलं होतं.

मी म्हटलं, गंज. बाईंनी काडीने तो लाल कण खरवडून डब्याच्या झाकणावर काढला. मग नाखवीणबाईला विचारलं, लिंबू आहे का. तिने मांदेलीबरोबरची फोड दिली. बाईंनी त्या लाल कणावर एक थेंब पिळला.

लाल कण पिवळा झाला.

गंजावर लिंबू पिळलं तर गंज पिवळा होत नाही. हळद होते. हळदीत चुना पडला की ती लाल होते, त्याचंच कुंकू करतात, आणि आंबट लागलं की ते पुन्हा पिवळं. हा प्रयोग बाईंनी मला पहिल्या वर्षात करून दाखवला होता. आमच्या दोघींशिवाय ते कुणी पाहिलं नव्हतं. बाकी सगळे खात होते, आणि खारी हवा हे कारण सगळ्यांना पटलेलं होतं. बाई सुटलेल्या होत्या. नुसतं झाकण पुसलं असतं तरी पुरे होतं. मी बाईंच्या तोंडाकडे बघितलं. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटत होतं की त्यांनी ते पुसावं.

बाई झाकण हातात घेऊन उठल्या आणि मांदेलीच्या भांड्याशेजारी त्यांनी ते ठेवलं.

'नाखवांची काही चूक नाही,' त्या म्हणाल्या. 'हे माझं कुंकू आहे.'

कुणाला काही कळेना. मग वर्गात सांगायच्या तशा, आवाज न चढवता, त्यांनी सांगितलं. ओलं कुंकू पिनेच्या भोकात भरलं गेलं. ते ओल धरून ठेवतं. तीन आठवडे कपाटात बंद, पुसायला कुणाला परवानगी नाही. दरवर्षी थोडं थोडं टोक खाल्लं गेलं. नाखवांच्या बंदुकीवर मी सगळ्यांत जास्त लावत होते, म्हणून तिच्या पिनेचं टोक सगळ्यांत जास्त खाल्लं गेलं. सगळ्यांच्या पिना आज बाहेर काढाव्या लागतील. मी रसायनशास्त्र शिकवलं, मला हे कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण मला ते लावायला आवडत होतं.

हे शेवटचं वाक्यही त्यांनी त्याच आवाजात सांगितलं. त्या शेडमध्ये तेव्हा पहिल्यांदा पुरुषांच्या डोक्यात उजेड पडला असावा. डॉक्टर पायाकडे बघायला लागले. वकिलांपैकी कुणीतरी जाऊ द्या हो, असं काहीतरी पुटपुटलं. नाखवा उठले, झाकणातला तो पिवळा डाग एका डोळ्याने वाकून बघितला आणि बाईंना नमस्कार केला. त्यांची बायको आली होती भांडायला, आणि जाताना उरलेली मांदेली डब्यात घालून बाईंच्या पिशवीत ठेवून गेली.

सगळ्यांच्या पिना निघाल्या. बहुतेकांच्या टोकांवर कमीजास्त डाग होतेच. अंधेरीच्या एका लेथवाल्याकडून नव्या पिना करून घेतल्या, बाईंनी एकेक भिंगाखाली बघून घेतली. डॉक्टरांनी यंत्र स्कूटरवरून परत बोरिवलीला नेऊन दिलं. भरणं सुरू झालं आणि नाखवांनी पट्टी काढल्यावर पहिली बशी फोडली ती बाईंनी भरलेल्या काडतुसाने. ट्रे पुन्हा भरायला लागले. फक्त बाई स्वतःहून कुंकवाविषयी कधी बोलल्या नाहीत.

पुढच्या खंडेनवमीला सतरंजी घातली, बंदुका मांडल्या. तबक कुणी उचलेना. शेवटी बाईच बसल्या. त्या वर्षी त्या रोजच्याच साडीत आल्या होत्या. प्रत्येक बंदुकीवर एकेक फूल ठेवलं, नारळ ठेवला, हात जोडले आणि म्हणाल्या की झालं, पेढे वाटा. कुंकवाची कोयरी तबकात तशीच राहिली होती, भरलेली. पुरुषमंडळी पेढ्यांवर आली, एकदम सगळे मोठ्यामोठ्याने बोलायला लागले. मी तबक उचलायला वाकले.

तेवढ्यात नाखवीणबाई गर्दीतून पुढे आली. त्या दिवशी ती मुद्दाम मनोरीहून आली होती, गजरा माळून, हिरवं लुगडं नेसून. बाईंच्या समोर सतरंजीवर ती पाय दुमडून बसली, कोयरी उचलली आणि बाईंच्या पुढ्यात धरली.

'बाय,' ती म्हणाली, 'बंदुकीला नको त मना लाव.'

बाईंनी तिच्याकडे बघितलं.

'अगं, मी कोण आहे ते ठाऊक आहे ना तुला?'

'ठाव हाय. लाव.'

बाईंनी आपलं बोट पदराला पुसलं, दोनदा पुसलं. कोयरीत बुडवलं. नाखवीणबाईने मान वर केली आणि डोळे मिटले. मला पुढचं नीट दिसत नव्हतं, कारण माझे डोळे भरून आले होते, पण बाईंचा आवाज मी ऐकला, काडतूस भरताना कधी न निघणारा, अगदी हळू.

'हलू नकोस गं,' त्या म्हणाल्या. 'थोडंच लावते.'